दालनाचे दार उघडे राहील या अटीवर

मी, खाली सही करणारी, संशोधन ग्रंथालयाची निवृत्त ग्रंथपाल, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि डोके ठिकाणावर असताना हे लिहून ठेवीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. नातेवाइकांनी तो चालवून घ्यावा.

१. घर : माझे राहते घर स्वकष्टाचे आहे. ते संशोधन ग्रंथालय आणि रस्त्यापलीकडचे ग्रंथपालन विद्यालय या दोघांना मिळून द्यावे. वाटणी करू नये. वर बाहेरगावच्या विद्यार्थ्यांनी राहावे, खाली दोन्हीकडच्या शिक्षकांनी एकत्र वर्ग घ्यावेत. अट एकच. दर बुधवारी विद्यालयाच्या मुलांना ग्रंथालयाच्या आतल्या दालनात काम करू द्यावे, आणि ग्रंथालयाच्या माणसांनी विद्यालयात जाऊन शिकवावे.

ही अट का, तेही सांगते. जागा वाचावी म्हणून आमच्या दालनात पुस्तके उंचीप्रमाणे लावलेली असतात. कोणते कुठे आहे ते सूचीवरून कळते. विद्यालयातून सुवर्णपदक घेऊन नोकरीला आलेल्या एका मुलीला तो निव्वळ गबाळेपणा वाटला. सुट्टीच्या दिवशी येऊन तिने कपाटांची अख्खी रांग विषयवार लावून टाकली. पुढे कितीतरी दिवस वाचक हात हलवत परत गेले. तिला काढून टाका म्हणून सगळे माझ्या मागे लागले. मी रस्ता ओलांडून प्राचार्यांकडे गेले आणि विचारले, "मुलगी तुम्ही उत्तम घडवलीत, पण तिला खरं दालन कधी दाखवलंत?"

ते शांतपणे म्हणाले, "तुम्ही कधी आत घेतलंत?"

बुधवार त्यातून सुरू झाला. ती मुलगी आज त्याच विद्यालयाची प्राचार्य आहे. मला मिळालेली सगळी मानपत्रे एकीकडे आणि हा अभिमान एकीकडे.

२. शिडी : हल्लीचे संचालक मुलांना 'गर्दी' म्हणतात आणि बुधवार बंद करू पाहतात. मी पदरमोड करून बनवून घेतलेली लाकडी शिडी त्यांना द्यावी. वरच्या फळीवरचे एखादे पुस्तक त्यांनी स्वतः काढून पाहावे.

३. पुस्तके : माझी सगळी पुस्तके ढीग करून पहिल्या वर्षाच्या मुलांपुढे टाकावीत आणि त्यांना भांडत भांडत लावू द्यावीत. माझ्या नावाचे कपाट कोणी करू नये. केलेत तर याद राखा.

४. पुतण्या : बँकेतली शिल्लक माझ्या पुतण्याला द्यावी. शिवाय वरची अट मोडली गेल्यास घरही त्याचेच. या घरावर त्याचा पहिल्यापासून डोळा आहे, त्यामुळे त्याच्याइतकी कडक देखरेख दुसरे कोणी करणार नाही. हे मी गेल्या महिन्यात संचालकांसह सर्वांना बोलावून तोंडी सांगितले.

"म्हणजे आत्या, तू मला राखणदार नेमलंस?" पुतण्याने विचारले.

"बिनपगारी," मी म्हटले.

गेल्या बुधवारी छताच्या डागडुजीचे निमित्त काढून संचालकांनी मुलांना दारातच अडवले. पुतण्या तिथे आधीच हजर होता. "बंदच ठेवा," तो म्हणाला, "आत्यानं अजून सही केलेली नाही. घर सरळ माझ्या नावावर करील."

संचालकांनी मुकाट दार उघडले. मुले आत गेली, त्यांच्यामागून पुतण्याही गेला, आणि दालन बंद होईपर्यंत बाहेर आला नाही, असे प्राचार्य सांगतात. त्यानंतर घराची चौकशी करायला तो आलेला नाही. या बुधवारी येणार का, असे मात्र त्याने मुलांना विचारून ठेवले आहे.

आता मी सही करते.

ठिकाण : माझ्या घराची पुढची खोली
दिनांक : ९ नोव्हेंबर

(सही) निवृत्त ग्रंथपाल

आमच्यासमोर सही झाली :
१. (सही) त्यांच्या डॉक्टर
२. (सही) शेजारचे सुतार