पुढं नुसती नावं हायत

तात्या, आई आत आहे. छातीचं ऑपरेशन चाललंय आणि मी शाहूपुरीतल्या या दवाखान्यात बाहेरच्या बाकावर बसून मोबाईलवर तुम्हाला लिहिते आहे. दार उघडलं की मी उठून उभी राहते, आणि दर वेळी दुसऱ्याच कुणाच्या तरी माणसाला हाक मारतात. तुमच्याशी भांडायचं होतं म्हणून लिहायला घेतलं. तेवढाच जीव गुंततो.

तुमचं ते आभाळातलं पिक्चर आठवतं? यानात एकटा माणूस, हवा संपत आलेली, आणि खाली पृथ्वीवर रेडिओला कान लावून बसलेली त्याची आई. शिवाजी पेठेतल्या आपल्या व्हिडिओच्या खोलीत तुम्ही टीव्हीशेजारी उभं राहून त्या इंग्रजी पिक्चरची गोष्ट आपल्या भाषेत सांगायचा. तालमीतली पोरं, भाजी विकून आलेल्या बायका, सगळे मांडीला मांडी लावून बसलेले. यानाचा उजेड बारीक होत जातो, कुणी श्वास सोडत नाही, आणि तुम्ही खटकन कॅसेट बंद करून ट्यूब लावता. "उतरला गडी! आईनं मिठी मारली बघा. पुढं नुसती नावं हायत." टाळ्या पडायच्या. एकदा मी म्हणाले, मला नावं बघायची आहेत. तर सगळ्यांसमोर खेकसलात, "गप बस की! लई शानी झालीस." ते मला बरेच दिवस लागून राहिलं होतं.

आता त्याच पिक्चरची खास आवृत्ती निघाली आहे. पत्र्याचा देखणा डबा, आत दोन डिस्क, धुऊनपुसून लख्ख केलेलं चित्र. आई म्हणाली, ऑपरेशनच्या आधी तेवढं दाखव, ते पोरगं घरला येतंय ते बघू दे. मी डबा मागवला, प्लेअर उसना आणला आणि आधी एकटीनं लावून बघितलं. तात्या, तो येतच नाही. उजेड विझल्यावर रेडिओ खरखरत राहतो, त्याची आई तशीच बसून राहते, आणि मग नावं. अख्ख्या पेठेला तुम्ही चक्क थापा मारल्यात! असा संताप आला मला.

काल दुपारी आईला लावून दिलं. टीव्हीशेजारी उभी राहून मीच गोष्ट सांगत होते. उजेड बारीक व्हायला लागला तसा माझा अंगठा रिमोटच्या बटणावर गेला. "आता येतंय न्हवं?" आईनं विचारलं. मी बंद केलं.

"आलं की. पुढं नुसती नावं हायत."

आई हसली. "तुझं तात्या बी हितंच बंद करायचं. सकाळी खोली झाडाय मीच जायची. एकदा लावून बघितलं, शेवटपातूर."

"मग कधी बोलली का न्हाईस?"

"लोकं हसत घरला जायची. कशाला बोलू?" मग तिचं हसू थांबलं. "डॉक्टर काय म्हणालं ते सांग. खरं सांग."

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की हृदय फार थकलंय, टेबलावर काहीही होऊ शकतं. मी म्हणाले, "साधं हाय म्हणालं." "बापावर गेलीस," एवढंच ती म्हणाली आणि कूस बदलून पडली.

आज सकाळी स्ट्रेचरबरोबर मी दारापर्यंत गेले. तिथं तिनं माझा हात दाबला. "घरला गेलो की पयला च्या कर. साखर जास्त घाल, डॉक्टरला सांगू नगंस. ही आलेच बघ मी."

तुम्ही आता नाही, त्यामुळं हे कुठं पाठवायचं नाही, आणि भांडणही राहूनच गेलं. माझी समजूत काढायला ती तसं बोलत होती, हे मला कळत होतं, तात्या. तरी बरं वाटलं.