चपलांची रांग

मंगळवार, १२ मार्च १९८५

शी! आज स्वतःचीच किळस येतेय.

रुग्णांची गैरसोय कशी कमी करता येईल ते बघायला दवाखान्यात समिती येणार होती. साहेबांनी आल्या आल्या फर्मावलं, ‘केसपेपरच्या खिडकीसमोर पसारा नको.’ मी लगेच शिपायाला म्हटलं, ‘त्या चपला उचल रे.’

दहा वर्षं त्याच खिडकीत बसते मी. माणसं पहाटे येतात, चप्पल रांगेत ठेवतात आणि भिंतीला टेकून बसतात. तो पसारा नाही, नंबर आहे, हे मला माहीत नव्हतं? शिपायाने सगळ्या चपला गोणीत कोंबल्या. झाली रांग साफ!

पहिली चप्पल दिंडोशीच्या म्हातारीची होती. निळा पट्टा, त्याला सेफ्टी पिन. ‘बाई, पहाटे पाचाक नंबर लावललंय मी. माझी चप्पल खंय गेली?’ मी म्हटलं, ‘मागे उभ्या राहा.’ असं कसं बोलले मी?

समितीतल्या बाईंनी नेमकं तिलाच विचारलं, ‘काही गैरसोय होते का, आजी?’ ती अनवाणी उभी. माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘नाय ओ, सगळा बरा आसा.’ उद्या परत याच खिडकीशी यायचंय ना तिला! समितीने ते लिहून घेतलं, चहा-बिस्किटं घेतली, निघून गेली.

बारा वाजता खिडकी बंद. तिचा नंबर आलाच नाही. मी गोणी उपसून ती निळ्या पट्ट्याची चप्पल शोधून दिली. वाटलं, आता तरी चार शिव्या घालेल. तिने पिन नीट केली आणि हळूच विचारलं, ‘मगे उद्या खंय ठेवू, बाई?’