मैनाबाईंचा हसरा फोटो

भातकुली
९ एप्रिल २००६

प्रिय नसीम,
स. न. वि. वि.

घरात फोन असताना ही पत्र काय लिहीत बसली, असं म्हणशील. पण रविवारी फोनवर तू सांगितलेलं सगळं मी मान डोलावत ऐकलं आणि कॉम्प्युटरपर्यंत पोचेतो विसरले. कागद कसा समोर टेकवून ठेवता येतो. डी.एड.ला तुझ्या वह्या उतरवून पास झाले, तसंच हेही होईल.

तर आजार असा. चिरंजीव पियुष पुण्याला नोकरीवर जाताना ठेवून गेलेला कॉम्प्युटर सकाळी शहाण्यासारखा चालतो. दुपार झाली की आपोआप बंद. ह्यांचं निदान तयारच आहे. म्हणतात, उन्हायात दुपारी माणूस झोपते, बैल झोपते, मंग तो झोपला तर त्याचं काय चुकलं?

मला मात्र झोप नाही. पुढच्या महिन्यात सासूबाईंचं वर्षश्राद्ध. कॅमेरा दिसला की त्यांचा पदर तोंडावर जायचा, हे तुला ठाऊक आहे. मतदार कार्डावर एक फोटो आहे, त्यात त्या पोलीस ठाण्यात बसवल्यासारख्या दिसतात. आयुष्यात एकदाच, नातीच्या म्हणजे आपल्या आचलच्या लग्नात, त्या कॅमेऱ्यापुढे मोकळ्या हसल्या आणि महिन्याभरात गेल्याच. तो फोटो ह्या कॉम्प्युटरच्या डब्यात आहे. त्या साली कापसानं दगा दिला, म्हणून फोटो पुढच्या हंगामात धुवून घेऊ म्हटलं. पुढचा हंगामही तसलाच गेला. फोटोवाला तर दुकान बंद करून सुरतेला निघून गेला. मला भिंतीवर ती हसणारी सासू हवी आहे. काय करू ते लिही.

घरच्यांना सलाम. माया आहे तितकी राहू दे, राग मात्र आटव.

तुझी,
मनकर्णा


अकोला
१४ एप्रिल २००६

प्रिय मनकर्णा,
सलाम आणि स. न. वि. वि.

भाऊजींचं निदान अर्धं बरोबर आहे. तुझा कॉम्प्युटर आजारी नाही, तापला आहे. फार तापला की तो स्वतःला वाचवायला बंद होतो. आता खरं सांग, तू विणलेलं ते मोराचं कव्हर डब्यावर अजून आहे ना? चालू असतानाही? अगं, वऱ्हाडच्या उन्हाळ्यात तू त्याला स्वेटर घातलास!

आता क्रमानं कर. सगळ्यात आधी, सकाळच्या गारव्यात फोटो सीडीवर उतरवून घे. ते झाल्याशिवाय दुसरं काही करायचं नाही. मग वायर काढ, डब्याची बाजूची पाटी उघड आणि आतल्या पंख्यावरची धूळ कोरड्या ब्रशनं झाड. डबा भिंतीपासून हातभर पुढे ओढून ठेव.

आणि फोटोवाल्यानं एक सीडी दिली होती की! लग्नानंतर तुझ्याकडे आले तेव्हा मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. ती कुठे आहे? माझ्या कॉम्प्युटरच्या वर्गातल्या मुलींना मी हेच शिकवते, एक वस्तू दोन ठिकाणी ठेवा. मैत्रिणीला शिकवायचं राहिलं.

लोभ ठेव, कव्हर काढ.

तुझी,
नसीमबानो


भातकुली
२२ एप्रिल २००६

प्रिय नसीम,
स. न. वि. वि.

कव्हर काढलं. डबा उघडला तर आत धूळ, उशीतला कापूस, पालीचं एक अंडं आणि पिवळे तांदूळ. दसऱ्याला मी त्याची पूजा करते, तेव्हाच्या अक्षता वरच राहतात अशी माझी समजूत होती. त्या जाळीतून आत उतरत होत्या. सगळं झाडून काढलं. मात्र झाडायच्या उत्साहात फोटो आधी उतरवायचे राहून गेले. ओरडू नकोस, पुढे वाच, ओरडायला आणखी जागा आहे.

तापला म्हणतेस, तर ह्यांनी सुचवलं की कूलरपुढे ठेवू. मलाही पटलं. जाळीत नवा वाळा घातला, पाणी भरलं आणि उघडा डबा कूलरच्या तोंडाशी ठेवला. दोन दिवस दुपारचाही चालला! आम्ही दोघं एकमेकांचं कौतुक करत बसलो आणि फोटो उद्या उतरवू म्हटलं. तिसऱ्या दिवशी आतून टकटक ऐकू आली. काळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं उमटली. ह्यांनी रेडिओला मारतात तशी त्याला एक थापड दिली, तर अक्षरंही गेली.

त्या सीडीसाठी मी घर उलटं केलं. पियुषनं टाकून दिलेल्या सीड्यांचा ढीग होता, तोही कुठे दिसत नाही. ह्यांना विचारलं तर म्हणाले, मले काय मालूम, अन् गेले वावरात.

नसीम, आता मला भीती वाटते गं.

तुझी,
मनकर्णा


अकोला
२५ एप्रिल २००६

प्रिय मनकर्णा,
सलाम. घाईत लिहिते.

तो आता अजिबात लावू नकोस. टकटक म्हणजे आतली हार्ड डिस्क, जिच्यावर फोटो आहेत ती, घायकुतीला आली आहे. लावशील तितकं ती स्वतःलाच खरवडत जाईल. चार स्क्रू काढ, डिस्क टॉवेलात गुंडाळ आणि भाऊजींच्या हाती पाठव. गाडीत मांडीवर घेऊन बसायचं, वर फळीवर ठेवायची नाही. शेजारचे एक काका म्हणाले, फ्रीजमध्ये ठेवून पाहा. मी त्यांना आधी त्यांचं डोकं ठेवून पाहायला सांगितलं.

कूलरची ओली हवा जावयासाठी असते, मशीनसाठी नाही. ओरडणं नंतर करीन, उधारी लिहून ठेवली आहे.

तुझी,
नसीमबानो


अकोला
६ मे २००६

प्रिय मनकर्णा,
सलाम आणि स. न. वि. वि.

काल भाऊजी आले. बडनेऱ्यापासून गर्दी होती, पण डिस्क त्यांनी तान्ह्या लेकरासारखी मांडीवर धरली होती. मी ती वर्गातल्या कॉम्प्युटरला जोडली. पहिले काही फोटो आले. मांडव, पंगत आणि नवरदेवाच्या बुटांचे तर इतके की फोटोवाला चपलांच्या दुकानातून आला होता की काय कोण जाणे. मग टकटकही थांबली. त्यानंतर तिनं काही दिलं नाही. आलेल्या फोटोंत मैनामावशी नाहीत. मोठ्या शहरात डिस्क उघडून पाहतात म्हणे, पण खात्री तेही देत नाहीत.

हे लिहायला मला फार जड जात आहे. मांडवात मावशींनी मला शेजारी बसवून, ही माझी अकोल्याची सून, असं सगळ्यांना सांगितलं होतं.

एक गोष्ट मात्र मला कळली नाही. भाऊजींनी विचारलं, फोटोची सीडी दिसते कशी? मी एक कोरी हातात दिली. त्यांनी ती उन्हात धरली, फिरवली आणि माझ्या हातात परत दिली. केलेला चहा तसाच ठेवून निघून गेले. पोचले ना नीट?

तुझी,
नसीमबानो


भातकुली
९ मे २००६

प्रिय नसीम,
स. न. वि. वि.

पोचले, पण घरी नाही. गाडीतून उतरून सरळ वावरात गेले. दिवेलागणीला आले ते हातात सुतळी घेऊन, आणि सुतळीला मासोळ्या ओवाव्या तशा सीड्या.

गेल्या हिवाळ्यात कापूस हातचा गेला, तेव्हा खालच्या तुकड्यात ज्वारी तेवढी भरली होती. राघूंचे थवे उतरायचे. कुणीतरी ह्यांना सांगितलं की चकचकीत सीडी टांगा, पाखरं बिचकतात. ह्यांनी पियुषचा ढीग उचलला. लग्नाची सीडी त्यातच होती, तिच्यावर नावही नव्हतं. ज्वारी निघाली, सुतळी मात्र बांधावरच राहिली, उन्हातान्हात.

सुतळी माझ्यापुढे ठेवून म्हणाले, म्या मायलेच पाखरं राखाले उभं केलं. त्या रात्री जेवले नाहीत. तुला तर ठाऊक आहे, मी ह्यांना टोमणा मारल्याशिवाय भाकर वाढत नाही. त्या दिवसापासून मला एकही सुचलेला नाही.

सगळ्या सीड्या मऊ कापडात बांधून पाठवते आहे. ह्यातली कोणती ती, देव जाणे आणि तू जाण. काही निघालं नाही तरी ह्यांना लगेच कळवू नकोस.

तुझी,
मनकर्णा


अकोला
१७ मे २००६

प्रिय मनकर्णा,
सलाम आणि स. न. वि. वि.

आधी लिफाफ्यातला दुसरा कागद काढ, मग हे वाच.

पाहिलास? आता सांगते. सगळ्या सीड्या साबणाच्या कोमट पाण्यानं धुतल्या आणि मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसल्या. गोल पुसलं तर ओरखडे वाढतात. पियुषचे खेळ निघाले, गाणी निघाली. मग कडा उन्हानं खाल्लेली एक आली. वर्गातल्या नव्या मशिनींनी तिला ओळखच दिली नाही. कोपऱ्यातल्या सगळ्यात जुन्या, रखडत चालणाऱ्या मशिनीत घातली. तिनं बराच वेळ घरघर केली आणि मोजकेच फोटो दिले. त्यातला हा.

खालचा अर्धा भाग राखाडी पट्ट्यांनी गेला आहे. पण मावशींचा चेहरा पूर्ण आहे, उरलेल्या दोन्ही दातांसकट! आणि कडेला जिलेबी घेऊन आलेला तो हात पाहा. घड्याळ भाऊजींचं आहे. मला आता आठवलं. मावशी नको नको म्हणत होत्या आणि भाऊजी, लहानपणी तू मले असंच कोंबत होतीस, असं म्हणत जिलेबी पुढे करत होते. त्यावर त्या हसल्या. भाऊजींना सांग, हसवलं तुम्हीच होतं.

तीन सीड्या केल्या. एक तुला, एक आचलला, एक माझ्या कपाटात. तिन्हींवर मावशींचं नाव ठळक लिहिलं आहे.

ओरडायची उधारी माफ. माया तेवढी चालू ठेव.

तुझी,
नसीमबानो


भातकुली
२ जून २००६

प्रिय नसीम,
स. न. वि. वि.

वर्षश्राद्ध पार पडलं. आचल फोटोपुढे बसून आधी हसली, मग रडली, मग तिनं पुरणपोळी खाल्ली. फ्रेमवाला म्हणाला, राखाडी भाग कापून टाकतो, हातही निघून जाईल. हे म्हणाले, हात राहू दे. दुपारी सगळे झोपले तेव्हा एकटेच फोटोपुढे उभे होते. मी पाहिलं नाही असं दाखवलं आणि संध्याकाळी भाकरीबरोबर एक टोमणा वाढला. दोन्ही खाल्लं.

मोराचं कव्हर मी उसवलं. त्या सुताची तुझ्या सीडीसाठी पिशवी विणते आहे. सीडीला स्वेटर चालतो ना?

आमच्या घरात तुझं एक पान कायम मांडलेलं आहे, हे विसरू नकोस.

तुझी,
मनकर्णा

ता. क. पेरणी झाली की बांधावर टांगायला पियुषनं ह्यांना कोऱ्या सीड्यांचं पाकीट पाठवलं आहे. सील फोडलेलंसुद्धा नव्हतं. तरी काल एकेक काढून माझ्यापुढे धरत होते आणि विचारत होते, पाय बरं, हिच्यात कोनी आहे काय?