जावयाला कसं सांगायचं?

कळंब, रविवार, १२ जानेवारी १९९७

लेक पहिल्या बाळंतपणाला आलीय. इंदापूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तिच्या रक्तात गुप्तरोग निघालाय. इंजेक्शनं घेतली तर बाळ वाचेल, पण जावयालाही घ्यावी लागतील. जावयाशी मी आजवर ‘या, बसा, जेवा’ याच्यापुढं बोललेलो नाही!

आज ते तिला भेटायला आले. जेवायला बसल्यावर मी खोटंच सांगितलं, “घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासायचंय. उद्या मीबी देतोय.” आणि वेड्यासारखी सदऱ्याची बाही वर सारली.

त्यांनी घास खाली ठेवला. “आबा, तुमी कशाला? माझं एकट्याचं बास हाय.”

म्हणजे स्वतःच्या रोगाचं त्यांना ठाऊक होतं? मग पोरीला का नाही सांगितलं? दाराआड ती सगळं ऐकत होती.

आणि मी? बाही सारलेल्या त्याच हातानं त्यांच्या पोळीवर पुन्हा तूप वाढलं.