मौजे हिवरधरा येथील विहिरीचे पाणी पिण्यास अयोग्य ठरविण्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
पाणी नमुने व साथरोग नोंद कक्ष,
जिल्हा आदिलाबाद.

अर्जदार : नागनाथ बापूजी पाझारे, निवृत्त मुख्याध्यापक, रा. हिवरधरा, मंडल तलमडुगु.

विषय : दि. १८ जुलै २०२४ रोजीचा पाण्याचा नमुना खोटा असल्याने त्यावरील अहवाल रद्द करून विहिरीची फेरतपासणी दि. २४ डिसेंबरपूर्वी होणेबाबत.

संदर्भ : माझे दि. ३० सप्टेंबर व दि. २८ ऑक्टोबरचे अर्ज, आणि त्यांवरील आपली दोन उत्तरे.

महोदय,

सविनय सादर करतो की, हा माझा तिसरा अर्ज आहे. पहिले दोन फेटाळले गेल्याचा मला राग आहे, आणि तो लपवून लिहिण्याचे माझे वय राहिलेले नाही. आपल्याकडे मराठी वाचणारे आहेत हे ठाऊक आहे. तरी तेलुगू प्रत सोबत जोडली आहे.

१. दि. १८ जुलै रोजी दुपारी नमुना घेणारा कर्मचारी मोटारसायकलने वस्तीत आला. विहिरीकडे चिखल होता. तो माझ्या ओसरीवर टेकला, बाटली माझ्या हाती दिली आणि म्हणाला, "सर, आप ही भर के लाओ, मैं फारम लिखता हूँ." मी बाटली घेऊन घरात गेलो व पाहुण्यांसाठी विकत आणलेल्या फिल्टरच्या कॅनमधून ती भरली. मला हे कोणी सांगितले नव्हते. ज्या विहिरीचे नाव बाटलीवर लिहिले गेले, त्या विहिरीचा एक थेंबही तिच्यात नव्हता.

२. असे का केले, हा प्रश्न आपण विचारला नाही. मीच खुलासा करतो. चौतीस वर्षे मी मुलांना शिकवले. तपासणीला साहेब येणार असले की पाढे येणारी मुले पुढच्या रांगेत बसवायची आणि न येणाऱ्यांना त्या दिवशी घरीच राहू द्यायचे, ही आमची रीत. साहेब खूश, शाळा खूश. तपासणी म्हणजे चांगले तेवढे पुढे करणे, एवढेच माझ्या अंगवळणी पडले होते. दुसरे असे की, ही विहीर माझ्या वडिलांनी व वस्तीतल्या माणसांनी स्वतः खणली, कारण गावच्या विहिरीवर आम्हाला पाणी नव्हते. पुढे पन्नास वर्षे गावाने "तिकडचं पानी" म्हणून नाक मुरडले. त्या विहिरीवर सरकारने 'अयोग्य' असा शिक्का मारावा, हे मला सोसवणार नव्हते.

३. दि. २ ऑगस्ट रोजी 'पिण्यास योग्य' असा अहवाल आला. मी तो लॅमिनेट करून विहिरीच्या खांबाला टांगला आणि घरोघर पेढे वाटले. माझी सून रुपा हिला तेव्हा सहावा महिना होता. आशाताईंच्या सांगण्यावरून ती पाणी उकळून पीत असे. मी तिला अहवाल दाखवून म्हटले, "आता कायले गॅस जाळतं पोरी, सरकारनं लिहून देल्लं ना." रुपा बी.एस्सी. झालेली होती. तिने अहवालातील आकडे वाचले, खालची सही पाहिली आणि उकळणे बंद केले. शिकलेल्या माणसाने जे करावे तेच तिने केले.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिचे डोळे पिवळे झाले. दि. १४ रोजी पैनगंगेपलीकडच्या दवाखान्यात ती गेली, पोटातले बाळही गेले. ही कावीळ पाण्यातून येते व गरोदर बाईला सहसा सोडत नाही, असे तिथल्या डॉक्टरांनी माझा मुलगा देवानंद यास सांगितले. मी शेजारीच उभा होतो.

४. त्यानंतर मी शाळेतील जुन्या हजेरीपटाच्या कोऱ्या पानांवर घरोघर जाऊन नोंद घेतली. वस्तीत एकेचाळीस घरे. विहिरीचे पाणी पिणारी सव्वीस, त्यांत सतरा माणसांना कावीळ. कॅनचे पाणी पिणारी पंधरा, त्यांत एकच बाई. आणि ती रोज विहिरीवर धुणे धुते व तिथलेच पाणी पिते. विहिरीपासून नऊ पावलांवर शौचालयाचा नवा खड्डा आहे. आपल्या कक्षातील लेखनिकाने पट उघडून पाहिला व म्हणाला, "गुरुजी, हा पुरावा नाही, ही हजेरी आहे." ती हजेरीच आहे. आजारी पडलेल्यांची आहे.

५. आपले पहिले उत्तर असे : एका वर्षात दुसरी तपासणी हवी असल्यास त्या गावचा किमान एक रुग्ण जिल्ह्याच्या नोंदीत हवा, हिवरधऱ्याची नोंद शून्य आहे. महोदय, दुखणे वाढले की आमची माणसे नदी ओलांडून महाराष्ट्रात जातात. तिकडे बोली आपली, नातलग आपले. अठराही माणसे तिकडे गेली. सतरा बरी होऊन आली. रुपाची नोंदही तिकडेच राहिली.

दुसरे उत्तर असे : नमुन्यात फेरफार केल्याचे अर्जदार स्वतः कबूल करतो, सबब अर्जदार विश्वासार्ह नाही, सबब नमुना खोटा असल्याचे त्याचे म्हणणे ग्राह्य धरता येत नाही. हे मी तीनदा वाचले. मी खोटे बोललो तेव्हा सरकारने लगेच मानले. आता खरे बोलतो, तर माझी पत उरलेली नाही.

६. मी विहिरीवरून अहवाल काढून टाकला, तर पंचायतीने त्याची दुसरी प्रत आपल्या भिंतीवर लावली. लोक म्हणतात, "सुनंच्या दुःखानं गुरुजीचं डोकं फिरलं." तेही संपूर्ण खोटे नाही. रोज दुपारी चारच्या सुमारास स्वयंपाकघरातून रुपाचा आवाज येतो, "मामाजी, पानी उकळून ठेवू का?" मी "ठेव" म्हणतो. उठून पाहतो तर शेगडी थंड असते. देवानंद माझ्याशी बोलत नाही, त्या वेळी तेवढा विचारतो, "बाबा, कोनाशी बोलून राह्यले?" हे अर्जात लिहू नये हे मला कळते. पण मी काही लपवले असे आपण पुन्हा म्हणू नये.

७. शेजारच्या खुशालची मुलगी प्रतिभा दिवाळीनंतर पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली आहे. डॉक्टरांनी २४ डिसेंबर ही तारीख दिली आहे. ती विहिरीचेच पाणी पिते. मी कॅन नेऊन दिला. तिच्या आईने तो हात न लावता परत केला. ज्या घरातून पोटुशी बाई गेली त्या घरचे पाणी दुसरीने पिऊ नये, अशी आमच्याकडे समजूत आहे. बुद्धवंदना म्हणणाऱ्या घरांतूनही ती अजून गेलेली नाही. उकळायला सांगितले तर खुशाल पंचायतीच्या भिंतीकडे बोट दाखवतो. माझा शब्द तिला वाचवू शकत नाही. तिथे आपला कागदच लागेल, आणि त्यावर 'अयोग्य' असे लिहिलेले लागेल.

८. सबब, आपल्या पहिल्या उत्तरातील अट मी पूर्ण केली आहे. दि. १५ ऑक्टोबरपासून मी रोज सकाळी व सायंकाळी त्याच विहिरीचे तांब्याभर पाणी न उकळता पीत आलो. दि. ५ डिसेंबर रोजी मला कावीळ झाल्याचे निदान झाले. नदी ओलांडली नाही. आपल्याच जिल्ह्यातील आरोग्य केंद्रात नाव नोंदवले. हिवरधऱ्याची नोंद आता शून्य नाही. माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नये, रक्तावर ठेवावा. फेरफाराबद्दल जी शिक्षा असेल ती मला मंजूर आहे. मात्र ती तपासणीनंतर द्यावी.

या अर्जाचे उत्तर टपालाने पाठवू नये. माणूस पाठवावा, आणि त्याने विहिरीपर्यंत स्वतः चालत जावे.

आपला नम्र व दोषी अर्जदार,

(सही)
नागनाथ बापूजी पाझारे
हिवरधरा, दि. ९ डिसेंबर २०२४

सोबत :
१) तेलुगू प्रत.
२) हजेरीपटाची चार पाने.
३) रुपा देवानंद पाझारे हिचा मृत्यू दाखला.
४) अर्जदाराचा रक्ततपासणी अहवाल व रुग्णनोंद क्रमांक.
५) प्रतिभाच्या घराकडे जाण्याच्या वाटेचा नकाशा. तपासणीनंतर कागद आधी तिथे दाखवावा, पंचायतीत नंतर.