लिंबाखालचं मिलान

लातूर,
४ डिसेंबर १९९३

ती. श्रीनाथदादास,
देविकाचा नमस्कार.

तुझी दोन्ही पत्रं पोचली. वहिनीनं पाठवलेली शाल रोज वापरते आहे. भूकंपानं आमच्या वसतिगृहाच्या इमारतीला तडे गेलेत, म्हणून मुली आणि मी अजून अंगणातच, ताडपत्रीखाली झोपतो. मधूनच जमीन हलते. आता कुणी ओरडत नाही, नुसत्या उठून बसतात.

तुझ्या क्लासेसला नांदेडात जागा पुरेना, हे वाचून बरं वाटलं. मी येऊन तिथल्या मुलींचं वसतिगृह सांभाळावं, इतिहासाला पुढं कोण विचारणार, असं तू लिहिलंस. पटण्यासारखं आहे. त्यावर लिहितेच, पण आधी परवाच्या तासाचं सांगू दे.

कॉलेजचे वर्गही सध्या लिंबाखाली भरतात. बी.ए.ला युरोप चालू आहे. प्रॉटेस्टंट पंथ फोफावला, निम्मा युरोप हातचा जायची वेळ आली, तेव्हा कॅथलिक चर्चनं स्वतःचं घर झाडायला घेतलं, तो भाग. ट्रेंटची परिषद, नवे नियम. दरवर्षी मी चार मुद्द्यांत संपवते. त्यातला एक नियम असा, की बिशपानं, म्हणजे त्या भागाच्या मुख्य धर्मगुरूनं, आपल्या लोकांतच राहायचं. तोवर कितीतरी बिशप उत्पन्न एका गावचं घेत आणि राहत भलतीकडंच. इटलीतल्या मिलान शहरात तर ऐंशीएक वर्षं आर्चबिशप मुक्कामालाच नव्हता.

मग एक आला आणि राहिला. पुढं प्लेग आला. सुभेदार पळाला, सरदार पळाले, हा थांबला. वाड्यातले पडदे काढून गरिबांना कपडे शिवले. लोकांना घराबाहेर पडायची बंदी, म्हणून चौकाचौकांत उघड्यावर वेद्या मांडल्या. खिडकीतून तरी प्रार्थना दिसावी.

याच चर्चनं पुस्तकांवर बंदी घातली, माणसं छळली, हेही सांगितलं. पण मुली मनानं अजून त्या खिडक्यांपाशीच होत्या.

शिल्पा म्हणून एक मुलगी आहे, आमच्याच वसतिगृहातली, किल्लारीजवळची. आई आणि भाऊ ढिगाऱ्याखाली गेले. तेव्हापासून वर्गात एक शब्द बोलली नव्हती. ती म्हणाली, "मॅडम, त्याला मरायचं भ्या वाटलं नसंल का?"

"वाटलं असेल. मृत्युपत्र करून ठेवलं होतं त्यानं."

"आन् तरी थांबला."

"हो."

मग म्हणाली, "तुमी बी नांदेडला चाललाव म्हणं. खरं हाय का?"

मी पुस्तक मिटलं. तास संपला, तरी एकही मुलगी उठली नाही.

दादा, मी धीराची नाही. जमीन हलली की मुलींच्या आधी मीच उठून बसते. पण चारशे वर्षांपूर्वी, कुठल्या परक्या शहरात एक माणूस थांबला, आणि त्यानं या मुलीला बोलतं केलं. मी इतकी वर्षं हे शिकवत होते आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

काल शिल्पाला गाठून सांगितलं, मी कुठं जात नाही. ती "हाव" म्हणाली आणि पाणी भरायला गेली. दुपारी पहिल्यांदा पोटभर जेवली.

तुझ्या वसतिगृहासाठी दुसरी कुणी बघ. रागावू नकोस. वहिनीला समजावून सांग.

लातूरलाच राहणारी,
तुझी देविका