सुखरूप, तुझ्या नावाने

घरून,
११ मार्च

चि. बारकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मोबाईल असताना पत्र कशाला, असे जावईबुवा विचारतील. त्यांना सांग की तुझा मोबाईल तुझ्याजवळ नाही, हे मला कळले आहे. म्हणूनच, तुम्ही यापुढे जिथे तंबू ठोकणार आहात त्या तळाच्या कार्यालयाच्या पत्त्यावर हे पत्र पाठवीत आहे.

बँकेत इतरांच्या सह्या पडताळण्यात माझी हयात गेली. अशा माणसाच्या डोळ्यांत धूळ फेकायची, तर थोडी तयारी तरी करायची होती. तुम्ही गाडी घेऊन भटकंतीला निघाल्यापासून रोज संध्याकाळी तुझ्या क्रमांकावरून निरोप येतो : ‘सुखरूप पोहोचलो. काळजी नसावी.’ तो मी आईला मोठ्याने वाचून दाखवतो आणि मगच आम्ही पाने घेतो. परवा वाचता वाचता अडखळलो. तू जन्मात कधी ‘पोहोचलो’ लिहिलेले नाहीस. शाळेपासून तुझे आपले ‘पोचलो’. मी दुरुस्त करून थकलो, तू लिहून थकली नाहीस.

तत्काळ तुझ्या कन्येला फोन केला. दातांची डॉक्टर झालेली मुलगी, दिवसभर लोकांना तोंड उघडायला लावते. स्वतःचे मात्र बराच वेळ उघडेना. अखेर कबूल झाली. मोबाईल तिच्या दवाखान्याच्या खणात असतो आणि शेवटचा पेशंट गेला की ती मामाला ‘सुखरूप’ करून टाकते. म्हणजे तुमची गाडी दरीत पडलेली असती, तरी मला ‘काळजी नसावी’ आलेच असते!

बाबांचे विसरलीस? ते दौऱ्यावर असताना परक्या गावच्या दवाखान्यात पडून होते आणि आपण, कामात असतील, म्हणून निवांत होतो. कळले तेव्हा उशीर झाला होता. त्यानंतर मी काय मागितले? रोज एक ओळ. तीही तुझ्या हातची.

हा खोडसाळपणा नव्हे, ही बनावट सही आहे. खुलासा तुझ्या स्वतःच्या अक्षरात यावा. जावईबुवांना नमस्कार सांगावा की नाही, ते खुलासा वाचून ठरवीन.

आशीर्वाद मात्र चालू ठेवले आहेत.
तुझा,
दादा

*

तळ्याकाठून,
१९ मार्च

ति. दादास,
सा. न. वि. वि.

पाकिटावरचं अक्षर बघूनच हे म्हणाले, समन्स आलं. वाचून झाल्यावर मात्र मी हसले नाही. मलाही राग येतो, दादा.

एक तर ‘पोचलो’ बरोबर आहे. शब्दकोश उघडून बघ.

दुसरं, गेल्या सहलीतलं आठव. रेंज मिळावी म्हणून मी रोज चुलीवरचं तसंच टाकून टेकडी चढायची. ह्यांनी त्याला हजेरी असं नाव ठेवलं होतं. एकदा चुकले, तर तू तळाच्या रखवालदाराला फोन करून आमचा तंबू शोधायला लावलास. त्याने बॅटरी घेऊन आख्खा तळ जागा केला. आम्ही आत घोरत होतो. दुसऱ्या दिवशी नळावर पाणी भरताना बायका मला विचारत होत्या, तुमचे दादा पोलिसात आहेत का.

खोटं बोललो, हे कबूल. पण खरं बोलायला तू जागा ठेवली होतीस? आज कळवणार नाही म्हटलं असतं, तर तू मला निघू दिलं असतंस? ह्यांचा फोन गाडीत आहे, काही झालं तर पहिला तुलाच करायचा, हे मी ह्यांना बजावून ठेवलंय. आणि मोबाईल लेकीकडे ठेवून जा, हे मला सांगितलं कोणी? आईने. ती म्हणाली, त्याला रोज काहीतरी वाचायला मिळालं म्हणजे झालं.

बाबांचं मी विसरेन? मीही त्याच घरात होते. तू रोज विचारतोस, तेव्हा मला ते रोज आठवतं. एकदा तरी ते सोबत न घेता प्रवास करून बघायचा होता. इथे जमायला लागलं होतं, तेवढ्यात तुझं पत्र आलं.

महिनाअखेरपर्यंत इथेच आहोत. इतकी काळजी वाटत असेल तर ये आणि डोळ्यांनी बघ. आईलाही आण.

रागावलास तरी माया पातळ करू नकोस.
तुझी,
बारकी

*

घरून,
२४ मार्च

चि. भाचीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्यावरचा राग कायम आहे, हे आधी नोंदवतो. आजवर मी ज्यांच्या खोट्या सह्या पकडल्या, त्यांतल्या एकानेही मला मामा म्हटलेले नव्हते.

तुझ्या आईचे पत्र मी तुझ्या आजीपुढे मोठ्याने वाचून जाब विचारला. आजी, जिला माझी हाक शेजारच्या खोलीतून ऐकू येत नाही, तिने तुझ्या आईची बाजू मात्र शब्दन् शब्द ऐकली. मला म्हणाली, तो निरोप रोज मी तुझ्यासाठी ऐकत होते. तू वाचल्याशिवाय जेवत नव्हतास, मी नव्हे. पुढे म्हणाली की सुखरूप, सुखरूप ऐकून तिचे कान किटले आहेत आणि आता तिला ते तळे बघायचे आहे. जेवणापूर्वी तिची पिशवी भरून दाराशी तयार! या वयात तंबूत झोपणार! मी गुडघ्यांची आठवण करून दिली, तर म्हणाली, गुडघे माझे आहेत.

या घरात माझ्या पाठीमागे सर्वांचे एकमत होते, याचा मला अजूनही संताप आहे.

रजा टाकली आहे. उद्या निघतो. तुझ्या आईला मी काहीही विचारणार नाही, असे ठरवले आहे. कितपत जमेल ते पाहू. मात्र सामान बांधताना एक गोष्ट लक्षात आली. आजवर सगळ्यांनी मला कळवायचे आणि मी घरी असायचे. आता मीच बाहेर पडणार, तर सुखरूप असल्याचे कळवायचे कोणाला? घरी कुलूप असेल.

तुझ्या आईचा मोबाईल तुझ्याकडेच आहे. त्यावर कळवीन. उत्तर मात्र तुझ्या स्वतःच्या नावाने दे. पेशंट असतील तर घाई नाही. उत्तराची वाट पाहत बसणार नाही, असे लिही, असे आजी पलीकडून सांगते आहे.

मी वाट पाहीन.

तुझा,
मामा